गालावरचा उजेड

गेम बनवायला शिकतेय. पडद्यावर चालणारी पहिली मुलगी केली आणि तिला माझाच रंग दिला, काळासावळा. ती मान वळवते तेव्हा उजेड तिच्या गालावर कुठे, किती पडेल याचा हिशेब संगणक त्याच क्षणी करतो. तो हिशेब मी लिहिला होता. क्लासमधले सर वाकून बघत म्हणाले, "चेहराच दिसत नाहीये. जरा गोरी कर की हिला."

माझं डोकं फिरलं. लग्नासाठी फोटो काढला तेव्हा फोटोवाल्यानेही न विचारता मला गोरी केलं होतं, आणि घरात सगळ्यांना तोच फोटो आवडला होता. गच्चीवर कपडे वाळत घालताना माझ्या आईचा गाल उन्हात कसा चमकतो, ते कुणी पाहिलंच नाही का? दिवा भलतीकडे ठेवायचा आणि दोष कातडीला द्यायचा.

रंगाला मी हात लावला नाही. गेममधला दिवा तिच्या पाठीमागे होता, तो समोर आणला. गाल लखलखला.

सर परत आले. "बघ, गोरी केल्यावर किती छान दिसतेय."

"रंग तोच आहे, सर. दिवा हलवलाय," मी म्हणाले. आवाज चढला होता. तो मी खाली आणला नाही.