रिपोर्टातलं ‘हाय’ आणि माझा चार्ज

मी नोकरीत हजारो फायली वाचल्या आणि एकही चुकीची वाचली नाही, असं बायकोला चाळीस वर्षं ऐकवत आलो. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ऐकवलं आणि रिटायर होऊन गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आल्यावरही. ज्या फायलीवर साहेबांना सही करायची नसे तिच्यावर ते ‘चर्चा करावी’ लिहीत आणि मग ती जागची हलत नसे, हेसुद्धा तिला पाठ झालं होतं. तेव्हा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं माझं ऑपरेशन झालं आणि काढलेल्या गाठीचा रिपोर्ट मोबाइलवर आला, तर तो दुसऱ्या कुणी वाचायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांची वेळ परवाची होती. मला कुठला धीर!

फाइल शेवटच्या पानापासून वाचायची, हा माझा नियम. आधीच्या पानांवर नुसतं पाल्हाळ असतं, खरी गोम शेवटी. शेवटच्या पानावर एक तक्ता होता. गाठीच्या आत आणि गाठीच्या कडेला कुठल्याशा पेशी किती आहेत ते मोजलं होतं. त्यांची नावं अक्षरं-आकड्यांची, आमच्या परिपत्रकांसारखी. समोर ठळक अक्षरांत, दोन्हीकडे: हाय. आता साखर हाय, कोलेस्टेरॉल हाय, बीपी हाय. या वयात हाय म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. गाठीत हाय आणि कडेलाही हाय, म्हणजे बाहेर पसरायला निघाल्याच की.

बदली झालेला माणूस करतो तेच केलं, चार्ज रिपोर्ट लिहायला बसलो. जागा सोडताना आपली कामं पुढच्या माणसाला लिहून सोपवायची. त्याने खाली सही केली की आपण मोकळे. पाण्याची मोटर सकाळी सहाला लावणे, असं लिहिलं. पार्किंगवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणे, माघार न घेणे. मग लिहिलं, नातीशी मराठीतच बोलणे, ती हिंदीत उत्तर देईल, तरी सोडू नये. इथे पेन अडलं. नात नोएडाला असते, पाच वर्षांची. ‘आजोबा, चलो ना यार’ म्हणते. ती माझ्याशी अस्सल मराठीत भांडेपर्यंत तरी मला राहायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

‘कार्यभार सोपवला’ लिहून सही ठोकली, ‘कार्यभार घेतला’समोरची जागा रिकामी ठेवली आणि कागद बायकोच्या चष्म्याच्या घराखाली सरकवला. तिने वाचला असणारच. रात्री वरणभातावर तूप चांगलं दोन चमचे वाढलं.

ठरल्या दिवशी बायकोला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई. त्या रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचत गेल्या, सावकाश. शेवटच्या पानावर आल्या आणि चक्क हसल्या. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मॅडम, सीधे बताइए, कितना टाइम है. त्यांना काही कळेना. मग मी त्या ‘हाय’वर बोट ठेवलं.

“अंकल, ये कैंसर के सेल नहीं हैं, ये तो आपके अपने हैं,” त्या म्हणाल्या. “चोर घुसा और पूरा मोहल्ला लाठी लेकर निकल आया. ये जितने हाई, उतना अच्छा.”

मग त्यांनी नीट समजावलं. शरीराच्या या प्रतिकार करणाऱ्या पेशींची गाठीभोवती जितकी गर्दी, तितका आजार परतण्याचा संभव कमी. खात्री नव्हे, तपासण्या चुकवायच्या नाहीत. पण आतड्याजवळच्या लसिकाग्रंथीही स्वच्छ होत्या, तेव्हा तूर्त केमोची गरज नाही. बायको इतकी हसली की बाहेरून नर्स डोकावली. म्हणाली, अख्खी हयात दुसऱ्यांच्या फायली सुलट्या वाचल्या, आणि स्वतःचीच नेमकी उलटी! मी खजील झालो, आणि आनंद इतका झाला की तिथेच डॉक्टरांसमोर रडलो.

घरी आल्याबरोबर तो चार्ज रिपोर्ट फाडायला काढला. चष्म्याच्या घराखालीच होता. ‘कार्यभार घेतला’समोर सही नव्हती. तिथे बायकोच्या अक्षरात, दोन दिवसांपूर्वीची तारीख घालून लिहिलं होतं:

“कृपया चर्चा करावी.”

तो कागद मी फाडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोटर मीच लावली.