शाळा आत बसू देत नाही

गेल्या जूनमध्ये आमच्या नातीला नारायण पेठेतल्या एका बालवाडीत घातलं. मुलगा आणि सून सकाळीच हिंजवडीला निघून जातात, त्यामुळे तिला पोचवायचं आणि तिथे रुळवायचं काम माझ्याकडे आलं. पुढे काय झालं, ते घरात आणि बाहेर चुकीचं सांगितलं गेलं आहे. ते मीच सांगितलं होतं, म्हणून दुरुस्तही मीच करतो.

पहिल्या दिवशी ती माझ्या पायाला विळखा घालून रडली. वर्गावरच्या ताईंनी ओढाताण केली नाही. म्हणाल्या, "आजोबा, थोडे दिवस तुम्ही आत तिच्याजवळ बसा. मग दाराशी, मग बाहेर. ती सोडेल तेव्हाच आपण सोडायचं."

मी बसलो. एकच दिवस. बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लागत होते. फिनेल, ओल्या चड्ड्या आणि आंबलेलं दूध यांचा वास खोलीत कोंडला होता. एका पोराने माझ्या पँटला शेंबूड पुसला आणि वर प्रेमाने हसला. मी रुमालाने पँट खसाखसा पुसली. तेवढ्यात सकाळच्या फिरण्यातला एक मित्र खिडकीतून डोकावला. "काय साहेब, पाया कच्चा राहिला होता वाटतं?" संध्याकाळपर्यंत साऱ्या कट्ट्याला ही बातमी पोचली.

मी सुनेला सांगितलं, "शाळा पालकांना आत बसू देत नाही."

दुसऱ्या दिवसापासून नातीला फाटकात मावशींच्या हातात कोंबायचं आणि मागे न बघता निघायचं, असं सुरू केलं. ताई विचारायच्या, "आजोबा, बसताय ना?" मी कामं आहेत म्हणायचो. मला कसली कामं? घरी येऊन पेपर वाचायचो. मग ती सकाळचं दूध ओकायला लागली. जिन्यात, रस्त्यात, एकदा माझ्या इस्त्रीच्या शर्टावर. त्या दिवशी तिचं तोंड पुसण्याआधी मी शर्ट पुसला.

तिने घरी सांगितलं होतं, "आजोबा बसले होते. मग नाही बसले." मी हसून म्हणालो, "मुलं काय, काहीही रचतात." सुनेने तिला दटावलं, "खोटं नाही बोलायचं, बाळा." त्यानंतर ती शाळेबद्दल अवाक्षर काढेनाशी झाली.

मुलाने पालकांच्या ग्रुपवर शाळेची सालटी काढली. इतरांनीही हात धुऊन घेतले. शाळेने आम्हाला बोलावलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "मी आजोबांना बसायला सांगितलं होतं."

"माझे वडील खोटं बोलत नाहीत," मुलगा म्हणाला. "आपली चूक आहे, तर तसं सांगायची सवय करा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं फळांचं चित्र बघत राहिलो. त्या खोलीत पोरं नव्हती, कसला वास नव्हता. घाण होती ती माझ्या खुर्चीवर बसली होती, धुतलेल्या कपड्यांत.

नातीला आम्ही काढून घेतलं. ताईंनी दिवाळीनंतर ती शाळा सोडली, असं कानावर आलं. का सोडली, हे विचारायची हिंमत मी केली नाही.

यंदा नवी शाळा. तिथूनही फोन आला, सुरुवातीला घरचं कुणीतरी वर्गात बसा म्हणून. सून खूश झाली. "बघा बाबा, चांगल्या शाळा अशा असतात!"

मग मात्र मला ते ऐकवेना. सगळं सांगून टाकलं.

मुलगा "कमाल आहे तुमची" एवढंच म्हणून आत निघून गेला. ग्रुपवर त्याने अजून काही लिहिलेलं नाही. "त्या ताईंना मी काय काय बोलले, बाबा," सून म्हणाली, "आणि हिला खोटारडी ठरवलं." मग ती नातीसमोर जमिनीवर बसली. "बाळा, तू खरं बोलत होतीस. आजोबा बसले होते."

नात माझ्याकडे वळली. "मग नंतर का नाही बसलास?"

"मला तिथे घाण वाटायची."

"माझी?"

"नाही," मी म्हणालो. तेही पुरतं खरं नव्हतं.

तिने जरा विचार केला आणि आईचा हात धरला. "नव्या शाळेत तू बसशील?"

"बसेन."

"आजोबा नको," ती म्हणाली.