परब बॅटरीवाला

परबने विकलेली बॅटरी कुणी गाडीत टाकून नेली, की आठवड्याभराने तो तिला बघायला जायचा. दुकान शेजारच्या पानवाल्याच्या भरवशावर सोडायचा, स्कूटरला पाण्याची बाटली अडकवायचा आणि थेट गिऱ्हाइकाच्या दारात. गिऱ्हाईक गोंधळायचं. म्हणायचं, "मी तर बोलावलं नव्हतं." परब म्हणायचा, "चेडू दिलंय तुमका. बघूक येवक नको?" चेडू म्हणजे मालवणीत मुलगी. बॅटरीवरची धूळ फडक्याने पुसायचा, वायरी हलवून बघायचा आणि मिळाला तर चहा घेऊन यायचा.

मुंबईत मरोळला त्याचं दुकान रस्त्याच्या त्या अंगाला, माझं ह्या अंगाला. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. शाळा चौथीत सुटली, पण गाडीतला करंट मला विचारल्याशिवाय पुढे जात नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. आमचं वैर धंद्यातलं होतं. गाडी सकाळी चालू झाली नाही, की मी म्हणायचो बॅटरी गेली. तो म्हणायचा अल्टरनेटर गेला. अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र, आणि ते दुरुस्त करायचं काम माझं. म्हणजे तो माझ्या कामाला नाव ठेवायचा आणि मी त्याच्या मालाला. दोघांकडे आपापलं मीटर होतं. त्याच्या मीटरवर माझा विश्वास नव्हता, माझ्या मीटरला तो आंधळं म्हणायचा.

एवढं असूनही दुपारी डबा उघडला, की तो रस्त्यापलीकडून ओरडायचा, "जाधवा, आज काय रे? परत वांगा?" मी म्हणायचो, "तुला काय करायचंय? तू तुझं बांगडं गिळ." पण त्याची सोलकढी रोज माझ्याकडे यायची. ती मात्र झकास असायची.

सुट्टी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मंगल शाळेची व्हॅन चालवायची. तिने पांढरी जुनी गाडी घेतली, शाळेसाठी पिवळी रंगवून घेतली, आणि रंगाऱ्याकडून गाडी आली तशी तिची बॅटरी बसायला लागली. माझ्याकडून अल्टरनेटर नीट करून घेतला. तरी बसायची. परबकडून नवी बॅटरी घेतली. तीही बसली. मग एका सकाळी चार माणसांनी ढकलत गाडी आमच्या दोन दुकानांच्या मध्ये आणून उभी केली.

"काका, सोमवारी शाळा उघडते," मंगल म्हणाली. "गाडी एकदा जरी बंद पडली ना, तर आईबाप पोरं दुसऱ्या गाडीत बसवणार. मला बॅटरी बदलून द्या."

परबच्या चेहऱ्यावरचं हसूच गेलं. त्याची सगळी ऐट एका गोष्टीची होती. त्याची बॅटरी कधी परत आली नव्हती. आणि ह्या भागातल्या शाळेच्या गाड्या मंगलच्या शब्दावर चालायच्या. परबचा माल फालतू, एवढं ती बोलली असती तर त्याचं नाव गेलं असतं.

"चेडूत दोष नाय," तो म्हणाला. "दोष ह्या जाधवाचो."

"माझा?" मी मीटर घेऊनच बाहेर आलो. धक्का मारून इंजिन चालू केलं आणि अल्टरनेटरवर मोजलं. चौदा व्होल्टच्या वर. "बघ डोळे फाडून! भरपूर देतोय."

परबने स्वतःचं मीटर बॅटरीला लावलं. साडेबारासुद्धा नाही. "मगे हय कित्या पोचत नाय? उपाशी ठेवतत आणि माहेरच्यांक दोष देतत!"

"तुझं मीटर मेलंय."

"तुझां जन्माक येवकच नाय!"

ढकलायला आलेली माणसं कामधंदा विसरून उभी राहिली. शेवटी मंगल खेकसली, "अरे, तुमचंही बरोबर, ह्यांचंही बरोबर, मग मधल्या मध्ये खातंय कोण?"

तोवर दोघांनी आपापलंच टोक मोजलं होतं. मधलं कुणीच मोजलं नव्हतं.

मी माझ्या मीटरची एक सळई अल्टरनेटरच्या अंगावर टेकवली आणि दुसरी परबपुढे धरली. "ही बॅटरीच्या निगेटिव्हवर धर."

"तुझ्या मीटरार माझो विश्वास नाय."

"विश्वास ठेवू नकोस. नुसती टेकव!"

त्याने टेकवली. तिथे आकडा शून्याजवळ पाहिजे. दिसला दीडच्या वर. म्हणजे करंटची परतीची वाट अडली होती. बॅटरीची जाड वायर गाडीच्या पत्र्याला जिथे नटाने आवळतात, तिथे मी बोट फिरवलं. खाली पिवळा रंग, जाडजूड, चकचकीत. रंगाऱ्याने वायर सोडली, पत्रा रंगवला आणि वायर रंगावरच आवळली होती. रंगातून करंट जात नाही.

मंगलने कपाळावर हात मारला. "मीच म्हणाले होते, आतूनपण पिवळी कर. पांढरा ठिपका राहायला नको."

परब पोट धरून हसला. "हळद लागली, पण जेवणाक कोणी बोलवूक नाय!"

मी नट काढला, पत्रा पॉलिश पेपरने घासून उघडा केला, वायर घट्ट आवळली. ह्या खेपेला बॅटरीवर मोजलं. चौदा. परबच्या मीटरवरही चौदा. मंगल म्हणाली, "चला, वाचले." मला वाटलं, आता परब रस्ताभर मिरवणार.

त्याने पान्याने बॅटरीच्या वायरी सोडायला घेतल्या.

"येड्या, काय करतोस? तुझी बॅटरी चांगली आहे म्हणून आत्ताच ठरलं ना!"

"चांगलीच हा," तो म्हणाला. "पण इतके दिस उपाशी ऱ्हवली. आता तिच्यात जीव कमी. सोमवारी पोरां बसतली ह्या गाडयेत." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दोष असतो तर मी परत घेतलंय नसतंय. मेलंय असतंय, पण घेतलंय नसतंय."

ती बॅटरी दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो रस्ता ओलांडून गेला आणि नवी घेऊन आला. मंगलची व्हॅन सोमवारी निघाली, आणि पुढेही निघत राहिली.

पण रस्त्यावरच्यांनी एवढंच बघितलं, की परबने बॅटरी परत घेतली. त्याच दिवशी दुपारपर्यंत रिक्षावाले मला विचारायला लागले, "काय जाधव, परबचा माल खराब निघाला ना?" परबला विचारलं तर तो नुसता हसायचा. समजावत बसायचं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो आपला पानवाल्याशी गप्पा मारायचा. मग मलाच दुकानाबाहेर येऊन, हातातलं काम टाकून, एकेकाला धरून सगळं सांगावं लागलं. त्याची बाजू मी घ्यायची! ह्याच्याइतका ताप मला त्याने कधी दिला नव्हता.

परब गेला त्यालाही आता काही वर्षं झाली. त्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी कुणीतरी जुना माणूस येतो आणि मंगलच्या गाडीची गोष्ट काढतो, ती चुकीचीच काढतो. मग मी पाना खाली ठेवतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. बॅटरी चांगली होती. मी स्वतः मोजली होती. आणि अल्टरनेटरही चांगला होता, हेही लिहून ठेवतो.