घडीवर न बसणारा आलेख

आमच्या घरात कोरा कागद म्हणजे पत्रकाची मागची बाजू. वडील गायरान जमिनीच्या चळवळीत होते. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटायची आणि वाटण्याआधी प्रत्येकाची आडवी-उभी घडी घालायची, हे काम माझं. उघडं पत्रक दिलं की माणूस त्यात भजी बांधून नेतो, घडी घातलेलं मात्र खिशात बसून घरी पोचतं, असा वडिलांचा अनुभव. सभा होऊन गेली की उरलेली पत्रकं माझी.

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता तेव्हा मी तिथे अकरावी सायन्सला नाव घातलं. गणितात मार्क जेमतेम. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "आलेखाचा धडा संपला की एकेकाला उभं करणार. ज्याला येत न्हाई त्यानं आर्ट्सला जायचं. उगं बाक अडवायचा न्हाई."

आर्ट्स आमच्या गावाजवळही होतं. तिकडे गेले असते तर रोज हिंगोलीला यायचं कारणच संपलं असतं. वडिलांना ते चाललं असतं. ते म्हणायचेच, "वकील हो, भाषणं कर. एक्स-वायनं कुणाचं गायरान सुटलं?" मला चीड यायची. मला ते एक्स-वाय हवं होतं. का, ते सांगता येत नव्हतं.

आलेखाचे कागद मी घेतलेच नाहीत. पत्रक उलगडलं की मधोमध घडीच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात. आडवी एक्स-अक्ष, उभी वाय-अक्ष, छेदतात तिथे शून्य. पट्टीनं खुणा केल्या की झालं. सममिती ओळखायची युक्तीही त्यातच सापडली. आलेख काढायचा, घडी घालायची आणि एसटीच्या खिडकीपाशी उजेडात धरायची. कागद पातळच होता. एक्सचा वर्ग उभ्या घडीवर बरोबर बसला. वर्तुळ दोन्ही घड्यांवर बसलं. जे घडीवर बसत नाही त्याला सममिती नाही, असा मी कायदाच करून टाकला.

मला उभं केलं त्या दिवशी फळ्यावर एक्सच्या घनाचा आलेख होता. उजवीकडे वर चढणारा, डावीकडे खाली उतरणारा.

"सिमेट्री आहे का?"

"नाही सर."

"काहून?"

"घडी जुळत नाही."

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, पत्रकवालीला इस्त्री द्या."

"हसता काहून? या इकडं, घालून दाखवा!" मी दप्तरातून तोच आलेख काढलेलं पत्रक घेतलं आणि सरांच्या टेबलावर आपटलं. उभी घडी घातली. एक पंख वर, एक खाली. आडवी घातली. तरी जुळेना.

सरांनी पत्रक पालथं करून आधी छापलेलं वाचलं. सगळं वाचलं, खाली छापलेल्या वडिलांच्या नावापर्यंत.

"वडील का?"

"व्हय सर."

आलेखाची बाजू वर करून त्यांनी कंपासचं टोक शून्यावर टेकवलं. "घडी सोड. फिरव. अर्धा फेरा."

मी कागद फिरवला. खुणांचे आकडे डोक्यावर उभे राहिले, वक्र मात्र होता तसाच.

"आता?"

"आहे सर. शून्याभोवती."

"आणि चित्र न काढता कसं वळखशील?"

मी मनातच चिन्हं बदलून पाहिली. "एक्सला मायनस लावला, वायला पण लावला... तर दोन्हीकडून मायनस निघून जाईल. समीकरण तेच उरंल."

"बस खाली."

मी बसले नाही. "दुसरं विचारा सर."

"काहून?"

"हे तुमी दाखवलं. ह्याच्यावर मी सायन्सला राहणार न्हाई."

"अगं गप बस की," शेजारची कुजबुजली. सरांनी खडू उचलला. एक्समधून दोन वजा, त्याचा वर्ग.

मी दुसऱ्या पत्रकावर बिंदू मांडले, जोडले. उभ्या घडीवर बसेना. आडव्या घडीवर बसेना. फिरवलं, तरी बसेना. वर्गात चुळबूळ सुरू झाली. नाही म्हणायचं आणि आर्ट्सला चालू लागायचं, एवढंच उरलं होतं. मग दिसलं, की एक आणि तीन यांची उंची सारखीच आहे. शून्य आणि चार यांचीही सारखीच. मधे दोन.

वडिलांनी शिकवलेली घडी कागदाच्या बरोबर मधोमध पडायची. हजारदा घातलेली ती घडी सोडून मी दोनच्या खुणेवरून कागद तिरपा होऊ न देता दुमडला आणि नखानं दाबला. खिडकीपाशी नेऊन धरला. एक बाजू दुसरीवर बसली.

"ह्याला आहे सर. पण वाय-अक्षावर न्हाई. दोनवर आहे."

सरांनी मान हलवली. "बस आता."

"कुठं बसू? इथं का आर्ट्सला?"

"इथंच बस माय," सर म्हणाले, "पण बस एकदाची!"