शोकसभेच्या बॅनरवर मॅडमचा फोटो का नसेल

सुनंदा मॅडमना ज्यांनी शाळेतून काढलं, तेच रविवारी त्यांची शोकसभा घेतायत.

स्टेज, साउंड, बॅनर, सगळं ठरलंय. आयोजक म्हणून खाली विशालचं नाव आहे. 'मॅडमचा लाडका विद्यार्थी.'
वर फोटोची जागा सोडलीय. ती रिकामीच राहील.

मी शेंद्र्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट रिजेक्ट केला की कारण द्यावं लागतं. म्हणून इथंही देते.

करमाडजवळच्या एका खासगी शाळेत मॅडम आम्हाला नववीला इंग्रजी शिकवायच्या. ऑफ तासाला एकदा त्यांनी एका जुन्या परदेशी कादंबरीचा मराठी अनुवाद आणला. बर्फात अडकलेला एक तांडा. तंबू एकच, आणि त्यात सगळे मावत नाहीत. रोज कुणाला तरी बाहेर ठेवायचं. कुणाला, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

"तांडा म्हणजे नुसता तांडा नाही, आणि बर्फ म्हणजे नुसता बर्फ नाही. मग काय, ते तुम्ही शोधायचं."

मागून विशाल ओरडला, "मॅडम, करमाडला बर्फ फक्त रसवंतीत भेटतो!"
वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

पुस्तक उघडायच्या आधी त्यांनी बाकं सरकवायला लावली आणि फरशीवर खडूनं चौकोन काढला.
"हा तंबू. सगळे आत या. मावत नसाल तर एकाला बाहेर काढा. मी काही बोलणार नाही."

"मोनिकाला काढा," विशाल म्हणाला. "मेंढरांचा वास येतो तिला."

मोनिका म्हणजे मी. आमच्या घरी मेंढ्या होत्या. वास येत असेल.
हात वर झाले. मी चौकोनाबाहेर जाऊन उभी राहिले.

मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "अडचण जागेची होती. मग वासाचं कुणी काढलं?"

मग त्यांनी खडू टेबलावर ठेवला.

"आता पुस्तक उघडा."

एखाद्या कादंबरीची अशी ओळख करून देणारं मला नंतर कुणी भेटलं नाही.

चूक पुढं झाली. मॅडमनी डस्टरनं चौकोन पुसला आणि त्यांना वाटलं, खेळ संपला.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत विशालनं व्हरांड्यात तसाच चौकोन काढला.
"ए, तू बाहेर. तंबूत नाय यायचं."
मग ते रोजचंच झालं. मी पाण्याच्या टाकीमागं बसून डबा खायचे. घरी सांगितलं नाही.

मॅडमना कळलं तेव्हा त्या स्वतःचा डबा घेऊन टाकीमागं आल्या. माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"चूक माझी झाली, मोनिका. खेळ मी सुरू केला. तो थांबवायचा कसा, याचा विचारच केला नाही."

तोपर्यंत कुठल्याही मोठ्या माणसानं माझ्याजवळ चूक कबूल केली नव्हती.

त्यांनी विशालला सगळ्या वर्गासमोर माझी माफी मागायला लावली. त्यानं मागितली आणि घरी जाऊन वडिलांना सांगितलं. वडील शाळेच्या समितीवर होते.

बैठक बोलावली गेली. माझे वडील मेंढ्या आईवर सोडून आले. मी दाराशी उभी होते.

विशालचे वडील म्हणाले, "गोष्टीच्या नावाखाली ही बाई पोरांना एकमेकांविरुद्ध भडकावती."
मग विशालला विचारलं.
तो म्हणाला, "मॅडमनीच सांगितलं होतं, मोनिकाला बाहेर काढा म्हणून."

एक वाक्य. खोटं.

मी दारातूनच म्हणाले, "नाय. मॅडम काहीच बोलल्या नव्हत्या."
विशालचे वडील माझ्यावर ओरडले, "गप बस पोरी. मोठ्यांत बोलू नको."

माझा वर्ग बाहेर मैदानात होता. त्यातलं कुणी आत आलं नाही.

मॅडमची नोकरी गेली. दुसऱ्या शाळांनी चौकशी केली की त्यांनाही तेच वाक्य ऐकवलं जायचं. शेवटी लासूर स्टेशनला आईकडं राहून त्या शिकवण्या घ्यायला लागल्या.
गेल्या आठवड्यात गेल्या. हार्ट अटॅक.

माझं त्यांच्याकडं येणं-जाणं होतं. काल त्यांच्या आईंचा फोन आला.
"मोनिका, कुणी विशाल म्हणून आहे, बोर्डासाठी फोटो मागतोय. लई गोड बोलतो गं. देऊ का?"
"आजी, हा तोच."

"तोच व्हय? मग तू म्हणशील तसं."

मी विशालला फोन लावला.
"अरे वा, मोनिका! सभेत तू पण दोन शब्द बोल ना. पब्लिक इमोशनल होईल."
"फोटो मी स्वतः फ्रेम करून आणते. अट एकच. माइकवर म्हणायचं, मॅडमनी तसं सांगितलं नव्हतं, मी खोटं बोललो."
"लहान होतो यार आपण."
"होतो. आता नाही आहेस."
"अगं, पप्पा स्टेजवर असणार. इलेक्शन तोंडावर आलंय. समजून घे ना."

समजलं. मी फोन ठेवला आणि आजींना कळवलं, देऊ नका.

आजी म्हणाल्या, "नाय देत. माझ्या पोरीला त्यांच्या रांगेत नाय बसवायचं मला."

विशाल, ही पोस्ट पब्लिक आहे. तुला टॅग केलंय, तुझ्या पप्पांनाही. सभेचा माइक बंद होईपर्यंत अट कायम आहे. त्यानंतर नाही.

वर्गातल्या बाकीच्यांना एवढंच: खाली फुलं टाकू नका, हात जोडलेले इमोजी टाकू नका. तुम्ही त्या चौकोनात उभे होतात. मॅडमनी माझं नाव घेतलं होतं का, तेवढं लिहा. हो किंवा नाही.

मॅडम, तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, "जाऊ दे, मोनिका."

नाही जाऊ देणार.

'भावपूर्ण' हा शब्द त्यांनी बॅनरवर छापलाय, म्हणून मी तो वापरत नाही.
श्रद्धांजली, मॅडम.