काशीशेठची कापडाची सायकल

किस्से कोणी जमवत नाही, ते जमतात. भिवंडीत लूमच्या कारखान्यासमोरून नुसतं चालत गेलं तरी घरी पोचेपर्यंत खांद्यावर कापसाची रुई बसलेली असते. बायको ती झटकते आणि विचारते, "आज कुठं उभे होतात?" किश्शांचंही तसंच आहे. मी उभं आयुष्य सरकारी कचेरीत लोकांच्या हकिकती साहेबांपुढे सादर केल्या. निवृत्त झाल्यावर हकिकती राहिल्या, साहेब गेले. तेव्हा आता तुमच्यापुढे सादर करतो.

आमचं मंडळ तिघांचं. धामणकर नाक्यावरच्या एका हॉटेलात सकाळी चहाला बसायचं. मी, म्हणजे भाऊसाहेब. कचेरी सुटली तरी हे नाव सुटलं नाही. दुसरे युनूसभाई. त्यांचे लूम आता मुलं चालवतात आणि ते मुलांना चालवतात. तिसरे वडप्याचे काशीनाथ पाटील, आमचे काशीशेठ. वडप्याला शेतांवर गोडाऊनं उठू लागली, त्यात शेठचीही जमीन गेली. म्हणजे जमीन गेली आणि शेठ आले. त्याआधी ते नुसते काशीनाथ होते.

तर एका सकाळी शेठनी बशीतला चहा संपवला आणि जाहीर केलं, "मना सायकल पायजे."

शेठच्या दारात पांढरी शुभ्र जीप, दोन टेम्पो, मुलाची मोटारसायकल. युनूसभाईंनी काळजीनं विचारलं, "क्यूं शेठ, पेट्रोल पंप बंद हो गया क्या?"

शेठ हसले नाहीत. तेव्हाच आम्हाला कळलं की मामला गंभीर आहे.

* * *

मामला असा होता. शेठना दोन मुलगे आणि एक मुलगी, जयू. जयू अकलोलीला दिलेली. तिच्या नवऱ्याचं गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणाऱ्या वाटेवर नारळ-अगरबत्तीचं दुकान, मागे घर. जमीन विकताना रीतीप्रमाणे तिचं हक्कसोडपत्र लागलं. रीतीप्रमाणे ते वकिलाच्या माणसानं नेलं. तिनं सही केली, माणसाला चहा पाजला आणि निरोप दिला, "बाबांना सांगा, मागितलं असतं तर हासत दिलं असतं. सोताला यायला काय झालतं?"

त्याला तीन वर्षं झाली. ती वडप्याला आली नाही, शेठ अकलोलीला गेले नाहीत. शेठच्या पत्नी, हिरावहिनी, एसटीनं गुपचूप जाऊन यायच्या. शेठना ते माहीत होतं. शेठना माहीत आहे हे वहिनींना माहीत होतं. घरात फक्त एसटीचा विषय निघत नसे.

"पण मग जीप घेऊन जा ना!" मी म्हटलं.

"गारी घेऊन कसा जाव? गारी दारात हुबी ऱ्हाते, भाऊसाहेब. अख्खी अकलोली बघल. आनि तिनं दारच न्हाय उघडलं तर?" शेठनी बशी पुसली. "सायकलवाला जाता जाता जातो. थांबला तर थांबला. न्हाय तर व्यायाम."

युनूसभाई हळूच म्हणाले, "सायकल लेंगे, शेठ. अच्छी लेंगे."

शेठना एकच अडचण सांगायची राहिली होती. त्यांना सायकल येत नव्हती! लहानपणी घरात बैलगाडी, मग एकदम टेम्पो. मधली पायरी राहूनच गेली होती.

* * *

शेठच्या पुतण्यानं सल्ला दिला. वय साठीचं, गुडघे कुरकुरणारे, रस्ता लांबचा, तेव्हा सायकल कार्बनचीच घ्या, फुलासारखी हलकी असते. नवी परदेशातून आणावी लागते, पण ठाण्याला एक इंजिनिअर परदेशी चाललाय, तो त्याची जुनी विकतोय.

गेलो तिघे. इंजिनिअर पोरगा भला होता. त्यानं सायकल एका बोटावर उचलून दाखवली. आम्ही दचकलो. भिवंडीत सगळा व्यवहार वजनावर चालतो. इथे जितकं कमी वजन तितका जास्त भाव, असं तो सांगत होता. शेठ माझ्या कानात म्हणाले, "लोखंड काढून घेतलं असंल."

युनूसभाईंनी खिशातून लोहचुंबक काढलं. चिकटेना. "लोहा नहीं है. फिर है क्या ये?"

"काका, कार्बनचे बारीक धागे असतात. ते विणून त्याचं कापड करतात. मग कापडाचे थर एकावर एक चिकटवून घट्ट करतात."

युनूसभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कपडा?"

त्यांनी दुसऱ्या खिशातून कापडाचे धागे बघायचं छोटं भिंग काढलं, गुडघ्यावर बसले आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सायकल वाचून काढली. पोरगा सांगत होता की जुन्या कार्बनला बारीक तडा असेल तर धोका, म्हणून नीट बघाच. ते ऐकतच नव्हते. शेवटी उठले, गुडघे झटकले. "ट्विल है, तिरछी बुनाई. एक धागा टूटा नहीं. माल एक नंबर, शेठ. लेकिन शर्ट मत सिलवाना."

मी म्हटलं, "भिवंडीतून ठाण्याला कापड घ्यायला आलेले आपण पहिलेच!"

* * *

आता भाव. शेठनी जन्मात दुकानातून वस्तू घेतली ती घेतली, पण चालणारी वस्तू फक्त बैलबाजारातच घेतलेली. तिथला भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबायची, तेवढे हजार कमी.

शेठनी खांद्यावरचा पंचा काढला, इंजिनिअरच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली.

पोरगा पांढरा पडला. "काका... काय करताय?"

"बोलू नको," शेठ म्हणाले. "बाजूचे ऐकतील."

बाजूला आम्हीच होतो. आत त्याची बायको होती, ती दारात येऊन उभी राहिली आणि लगेच परत गेली. पोरगा घाबरून हात सोडवू लागला. त्या झटापटीत त्याच्याकडून शेठची दोन बोटं दाबली गेली.

"मंजूर!" शेठ म्हणाले.

किती कमी झाले हे पोरग्याला खाली उतरेपर्यंत कळलं नाही. पण त्यानं हेल्मेट, काळा गॉगल आणि हवा भरायचा पंप वरून दिला. निघताना विचारलं, "काका, नक्की तुम्हीच चालवणार ना?"

"मंग कोन? हा?" शेठनी माझ्याकडे बोट केलं. मला ते आजही लागलेलं आहे.

* * *

वडप्याला हिरावहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या. कुंकू, फुलं, नारळ. सायकलला हळदीकुंकू लावावं तर जागा सापडेना; नळ्या करंगळीएवढ्या आणि सगळं काळं. मग चाकाखाली लिंबू ठेवलं. नवी गाडी लिंबावरून गेली पाहिजे, लिंबू फुटलं पाहिजे, दृष्ट गेली पाहिजे.

शेठ बसले. दोन्ही मुलग्यांनी दोन बाजूंनी धरलं आणि ढकललं. चाक लिंबावर चढलं, लिंबू घरंगळलं, आणि पुढच्या क्षणी लिंबू शाबूत, शेठ आडवे!

वहिनींनी आधी लिंबू उचललं, बघितलं. "जीप गेली, टेम्पो गेलं, सगल्यांनी लिंबू चिरडलं. ही पयली गारी, लिंबाचा मान राखनारी."

मग नवऱ्याच्या धोतरावरची माती झटकली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "पडायचं तेवरं हितंच पडून घ्या. तिच्या दारात नको."

* * *

सायकलला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. शेठना वाटलं पोरग्यानं काढून ठेवले. ते सायकल घेऊन नाक्यावरच्या वेल्डरकडे गेले, "सगलं लावून दे."

वेल्डरनं चष्मा चढवला, बत्ती पेटवली, तेवढ्यात युनूसभाई ओरडत धावले, "अरे, कपडा है, कपडा! जल जाएगा!"

वेल्डरनं बत्ती विझवली. सायकल उलटसुलट करून पाहिली. "शेठ, मग माझ्याकडे कशाला आणली? पलीकडे टेलर आहे ना!"

* * *

शिकण्यासाठी जागा उत्तम मिळाली. शेठचंच एक गोडाऊन दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात रिकामं होतं. गुळगुळीत फरशी, वर पत्रा, आत कुत्रंही नाही. इंजिनिअरनं तंग चड्डीची शिफारस केली होती. शेठनी धोतर सोडून लेंगा घातला, हीच त्यांच्या मते तंगपणाची हद्द. लेंग्याच्या पायाला वहिनींचे दोन रबरबँड.

बाजूच्या गोडाऊनवर हमालीला येणारी माणसं जेवायच्या सुट्टीत दारात बसून बघायची. शेठ पुढच्या चाकाकडे डोळे लावून जायचे आणि दर वेळी खांबाला भेटायचे. एवढं मोठं गोडाऊन, मोजके खांब, पण शेठनी एकही सोडला नाही.

शेवटी डोंगरापलीकडच्या पाड्यावरून येणारी एक म्हातारी बाई भाकरीचा तुकडा हातात धरूनच ओरडली, "अरं बाबा, खांबाला काय बघतोस? खांब कुठं जात न्हाय! तुला जायाचा हाय तिकडं बघ!"

शेठनी मान वर केली आणि समोरच्या उघड्या दारातून सरळ बाहेर गेले. बाहेर हायवेपर्यंत गेले. ब्रेक मारायचं कोणी शिकवलंच नव्हतं, म्हणून गवतात थांबले. तिथून ओरडले, "भाऊसाहेब! आली! मना सायकल आली!"

साठीच्या माणसाला मी असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हातारी मात्र हात धुवायला निघून गेली होती.

* * *

मग अकलोलीच्या फेऱ्या. रविवारी पहाटे वाडा रस्त्यानं आंबाडी, तिथून वज्रेश्वरीकडे. शेठ पुढे सायकलवर, मी मागे स्कूटरवर. सोबत कशाला, तर कोणी विचारलं तर "यांना कुंडात अंघोळ करायची आहे" असं शेठना माझ्याकडे बोट करून सांगता यावं म्हणून. माझे सांधे त्यासाठी जाहीर दुखत असत.

पहिल्या रविवारी शेठ गावाच्या वळणापर्यंत गेले, चाकात हवा कमी वाटते म्हणाले आणि परत फिरले.

पुढच्या रविवारी दुकानावरून गेले, पण असे सुटले की माझी स्कूटर मागे पडली. गावापलीकडच्या पुलापाशी गाठलं. "दिसली का जयू?"

"न्हाय."

"घरात होती?"

"काय म्हायत. मी डोले मिटलं व्हतं."

सायकलवर डोळे मिटून जाणारा माणूस खांबाला भेटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरच्या रविवारी डोळे उघडे ठेवले. पुलापाशी उतरले, हेल्मेट काढून पुसत बसले. मग म्हणाले, "दोरीवर झबली न्हाईत आता. फ्रॉक हाय. पोर चालाय लागली वाटतं."

नातीला त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी खिशातून शेंगदाणे काढून दिले. आमच्यात अशा वेळी याहून जास्त काही देत नाहीत.

नाक्यावर युनूसभाई दर सोमवारी विचारायचे, "रुके?" आणि मी आडवी मान हलवायचो. ते दुसरा चहा सांगायचे, शेठच्या बशीत ओतायचे आणि सुताच्या भावाबद्दल बोलू लागायचे.

* * *

आणि मग तो रविवार. थंडीचे दिवस, कुंडांकडे जाणाऱ्यांची वर्दळ. शेठ वळणावरून आले तर रस्त्याच्या मधोमध जयू उभी. गाय अडवावी तसे दोन्ही हात पसरून. एका हातात पाण्याचा तांब्या. पदराला धरून पाठीमागे फ्रॉक.

शेठनी करकचून ब्रेक लावला. एक पाय जमिनीवर टेकला. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा गॉगल. मी स्कूटर लांबच बंद केली.

"काका, दमलाव," जयू म्हणाली. "पानी घ्या."

लेकीच्या घरचं पाणी बापानं प्यायचं नाही, ही शेठच्या घरातली जुनी रीत. लग्नातही ते तिच्या उंबऱ्यावर पाणी न पिता परत आले होते. शेठ तांब्याकडे बघत राहिले.

"बाई, तू ओलखतीस मना?"

"न्हाय बा. लई सायकलवालं जातात हितून. आमी सगल्यांना पानी देतो."

शेठनी तांब्या घेतला. वरून प्यायला मान मागे केली, पण हेल्मेट आडवं आलं. मग तोंडालाच लावला. हनुवटीच्या पट्ट्यावरून पाणी सदऱ्यात ओघळलं. सगळा संपवला. मग रिकामा तांब्या हातातच धरून, गॉगल न काढता, अनोळखी माणसानं विचारावं तसं विचारलं, "नाव काय तुजं, बाई?"

"जयश्री."

"म्हायेर?"

"वडपं."

दुकानातला नवरा पुढे यायला निघाला होता, तो जागीच थांबला. पदरामागून फ्रॉकनं एक डोळा बाहेर काढला.

"बाप काय करतो?" शेठनी विचारलं.

जयूनं त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"सायकल शिकतो," ती म्हणाली. "चालवाय येते आता त्याला. थांबवाय न्हाय येत."

शेठ सायकलवरून उतरले.