आधी पाय दाखव

पी नोई आईला व्हिडिओ कॉल लावायची आणि आईचं तोंड बघायच्या आधी पाय बघायची. ऑफिसच्या पॅन्ट्रीत, जेवणाच्या सुट्टीत, हातात काटा-चमचा आणि समोर डब्याला टेकवून ठेवलेला फोन. तिकडून फोन उचलला की ही हात जोडायची आणि लगेच थाई भाषेत एक वाक्य म्हणायची. त्याचा अर्थ मी तिलाच विचारून घेतला होता. 'आई, आधी पाय दाखव.' मग तिकडे फोन धरणारा हात खाली जायचा आणि पडद्यावर दोन सुकलेली पावलं यायची. चष्मा कपाळावर चढवून ही टाचा, तळवे, बोटांच्या बेचक्या निरखायची. सगळं ठीक दिसलं तरच 'जेवलीस का' वगैरे.

त्यांच्यात कुणाच्या दिशेनं तळवा करणं म्हणजे मोठा उद्धटपणा. आपल्याला याची कल्पना नसते. एकदा मी तिच्या मागे उभी होते आणि सवयीनं पडद्यावरच्या त्या पायांना वाकून नमस्कार केला, तर म्हातारीनं ते इतक्या झटकन ओढून घेतले की तिकडे फोनच पडला.

"अगं, लाज वाटत असेल ना त्यांना," मी म्हटलं.

"वाटते. पण फेस झूठ बोलता है, स्मिता. बरी आहेस का विचारलं की आई हसते. पायाला हसता येत नाही."

ती बोलायची मोडकं इंग्रजी आणि आमच्या गोडाऊनमधल्या पोरांकडून उचललेलं हिंदी. मी इथे तिचं बोलणं बहुतेक मराठीतच देते, कारण मला ते तसंच आठवतं.

आमची कंपनी थायलंडहून तांदूळ आणि डबाबंद माल इथे आखातात आणते. पी नोई शिपमेंटची कागदपत्रं बघायची, मी अकाउंट्समध्ये. 'पी' म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण. साठीला टेकलेली, बुटकी, नीटनेटकी, पिकलेले केस न लपवणारी बाई. मी स्वतः भाजीवाल्याच्या काट्यापासून लेकीच्या 'आय ॲम फाइन, मम्मा'पर्यंत कशावरही विश्वास न ठेवणारी. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवं होतंस. पण पी नोईपुढे मी अगदीच भोळी. पॅन्ट्रीतलं दूध ती तारीख बघून, वास घेऊन मगच चहात घालायची. फॉरवर्डिंग एजंट फोनवर 'इन्शाल्ला' म्हणाला की ही शांतपणे विचारायची, "आजवाला इन्शाल्ला, या अगले हफ्तेवाला?"

आईच्या पायांचं मात्र कारण होतं. म्हातारीला जुनी साखर. पायाला काही लागलं तर तिला कळायचंच नाही. शेजारच्या एका म्हाताऱ्याचा पाय अशाच एका न कळलेल्या जखमेनं गेला होता. बाप नव्हता, भाऊ दिवसभर शेतात. म्हणजे त्या पायांवर नजर ठेवणारी घरात एकच, भावाची बायको दाओ. आणि नेमका दाओवर पी नोईचा काडीचा विश्वास नव्हता.

"पण तुमच्याकडे सरकार म्हाताऱ्यांना पेन्शन देतं ना? दवाखाना फुकट ना?" मी एकदा म्हटलं. आमच्या नाशिकच्या बाबांना यातलं काहीच नाही, त्यामुळे मला जरा हेवाच वाटला होता.

पी नोईनं काटा खाली ठेवला. "देतं. त्यात आईचा भात होतो. भाताबरोबर काय खायचं ते सरकारनं सांगितलेलं नाही. वय वाढलं की थोडं वाढवतात, नव्वदीनंतर सगळ्यात जास्त. हुशार आहेत. तोवर घ्यायला उरतो कोण?" मग दवाखान्याची पाळी. "डॉक्टर जवळजवळ फुकट. डॉक्टरपर्यंतचा रस्ता फुकट नाही. शेजाऱ्याची पिकअप सांगायची, पहाटे जाऊन रांग धरायची, आईला उचलून उतरवायचं. ते कोण करणार? सरकार?" गावात आपल्या आशाताईंसारख्या स्वयंसेवक बायका घरोघर येऊन बीपी बघतात, त्यांच्यावरही हिचा डोळा. "मशीन लावते, फोटो काढते, जाते. बीपी बघते की फोटोपुरतं मशीन लावते?"

तिच्या नादानं मीही बिघडले. दर रविवारी नाशिकला फोन लागला की मी वहिनींना सांगायला लागले, "वहिनी, जरा बाबांचे पाय दाखवा. नखं कापलीत का?" वहिनी काही बोलायच्या नाहीत. कॅमेरा खाली न्यायच्या. पण न बोलण्याचेही प्रकार असतात.

वर्षातून तीन-चारदा पी नोई कार्गोनं घरी खोकं पाठवायची. मोठ्यांचे डायपर, दुधाच्या पावडरीचे डबे, साखरवाल्यांसाठी मिळतात तसे बिनशिवणीचे मोजे, पायाला लावायचं मलम. आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाशी ती नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "गावातल्या दुकानात दिसली तर माझी वस्तू मला ओळखू येईल." मला हे इतकं पटलं की मी तिला दुसरी बाटली आणून दिली.

आता गंमत अशी की पाय रोज दिसायचे, मोजे कधीच दिसले नाहीत. आईला विचारलं तर उकडतं म्हणायची. दूध? संपलं. मलम? आहे कुठेतरी. सगळी उत्तरं हसत हसत. दाओला विचारलं की ती खाली बघायची. पी नोईला एवढं पुरे होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

"विकते ती," मी म्हटलं.

"विकतेच," पी नोई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पॅन्ट्रीत तिनं दाओला ते तोंडावर विचारलं. आवाज चढवला नाही, चेहऱ्यावरचं हसूही हललं नाही. शब्द मला कळत नव्हते, तरी मी माझा डबा बंद केला. तिचं बोलून झालं तेव्हा दाओनं फोन बाजल्यावर ठेवून दिला. त्यांचं घर खांबांवर उभं, बाजलं घराखाली. पडद्यावर नुसत्या वरच्या लाकडी फळ्या दिसत राहिल्या.

त्यानंतर दाओनं फोन हातात धरणं सोडलं. बाकी सगळं ती करत होती म्हणे, फोन तेवढा धरणार नाही. म्हातारीला एकटीला तो पायाकडे नेता येईना. ती तो इतका जवळ धरायची की आम्हाला कपाळ आणि एक भुवई दिसायची. भाऊ उशिरा घरी यायचा आणि 'ठीक आहे' म्हणून ठेवून द्यायचा. पी नोईचं जेवण सुटलं. कागदपत्रं तपासताना एका शिपमेंटच्या कंटेनरचा नंबर चुकला, जे आजवर कधी झालं नव्हतं.

"जा तू," मी म्हटलं. "खलास, आता बस झालं. रजा टाक आणि जा. न सांगता जा." न सांगता, हे अर्थात मुद्दाम. चोर रंगेहाथ सापडायला हवा.

मी तिला एअरपोर्टला सोडलं. तिच्या पर्समध्ये नेलपॉलिशची बाटली होती, पुरावा म्हणून.

आठवडाभरानं फोन आला. पी नोई गावच्या देवळात बसली होती. मागे कुणीतरी मंत्र म्हणत होतं.

"सापडलं," ती म्हणाली.

"कुठल्या दुकानात?"

"देवळात. सगळं आई देत होती."

त्यांच्याकडे भिक्षूंना वस्तू दान केल्या की पुण्य लागतं आणि ते दुसऱ्याच्या नावेही करता येतं. म्हातारी आलेलं प्रत्येक खोकं फोडून त्यातला चांगला माल लेकीच्या नावानं देवळात देत होती. देऊळ तो गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना वाटत होतं. पी नोईनं आईला जाब विचारला तेव्हा म्हातारी म्हणाली होती, "मला सरकार देतं थोडंफार. तू आयुष्य परक्या देशात काढलंस, तुला नवरा नाही, मूल नाही. तुझ्या म्हातारपणी तुला कोण देणार? म्हणून तुझ्यासाठी साठवत होते." आणि ती जड खोकी मोटारसायकलवर बांधून देवळात पोचवत होती दाओ. सासूनं तिला कुणालाही सांगायला बंदी केली होती. चोरीचा आळ आला तरी तिनं तोंड उघडलं नाही.

मला हे चटकन खरं वाटलं नाही. सासू-सुनेनं मिळून तर रचलं नसेल? मी तसं बोललेही.

"मला पण तेच वाटलं," पी नोई म्हणाली. "म्हणून एका आजोबांच्या उशाचा दुधाचा डबा उलटा करून बघितला." तिनं देवळातला तसाच एक डबा कॅमेऱ्यासमोर धरला. बुडाशी लाल ठिपका होता. "आईचे पाय पण बघितले. नखं कापलेली, बोटांच्या मधे पावडर लावलेली. दवाखान्यात विचारलं. आजवर एक पण तारीख चुकलेली नाही. पिकअप मिळाली नाही तर दाओ मोटारसायकलवर आईला पाठीशी बांधून नेते." मग तिनं चष्मा काढून डोळे पुसले. पी नोईला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

रजा संपल्यावर ती परत आली ती फक्त व्हिसा रद्द करायला. शेवटच्या दिवशी पॅन्ट्रीत तिनं दूध वास न घेता चहात ओतलं. मी म्हटलं, "इथे अजून दोन-तीन वर्षं काढली असतीस. तिकडे जाऊन खाणार काय? तुला तरी सरकारच्या पैशात भात सोडून काय मिळणार आहे?"

"काही नाही. म्हणून तर जाते. आज आईला कोण उचलतं? दाओ. उद्या मला कोण उचलणार? तीच. आणि मी तिला चोर म्हटलं." तिनं कप विसळून जागेवर ठेवला. "तिनं माफ केलं म्हणते. पण हसून म्हणते."

ती गेली. माझ्या जोडीनं संशय घ्यायला ऑफिसात कुणी उरलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

परवा रविवारी तिला फोन लावला. तिनं उचलला तशी मी चेष्टेनं म्हटलं, "फेस नको. आधी पाय दाखव." ती हसली आणि तिनं फोन खाली नेला. बाजल्याखाली कोमट पाण्याचं घमेलं होतं. पी नोईच्या मांडीवर दोन पाय होते, पण तिचे नव्हेत. रुंद, उन्हानं काळवंडलेले, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, एका अंगठ्याचं नख पार मेलेलं. ते पाय लाजून सारखे मागे ओढले जात होते आणि पी नोई त्यांना घट्ट धरून मलम चोळत होती.

"दाओचे," ती म्हणाली. "इतकी वर्षं फोन हिच्या हातात होता ना. हिचे पाय कुणी बघितलेच नाहीत." पलीकडून दाओ काहीतरी पुटपुटली. पी नोईनं तिच्या गुडघ्यावर चापट मारली आणि मला म्हणाली, "हे माझं पेन्शन. बघ कसं ठेवलं होतं मी."

फोन ठेवला आणि काही न सुचून मी नाशिकला लावला. वहिनींनी उचलला आणि नेहमीसारख्या चालत बाबांच्या खोलीकडे निघाल्या. कॅमेरा आधीच खाली वळवला होता, बिचाऱ्यांनी.

"वहिनी, बाबांचं राहू दे," मी म्हटलं. "फोन तुमच्याकडे फिरवा ना जरा. तुम्ही कशा आहात?"

त्या जागच्या जागी थांबल्या. फोन हळूच वर आला. त्यांचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी नीट बघत होते.

"का गं स्मिता?" वहिनी म्हणाल्या. "आता माझ्यावर कसला संशय?"